टायफॉईडनंतर हाड दुखू लागले तर: पहिल्या शंकेपासून शेवटच्या तपासणीपर्यंत

ठाण्यातल्या एका प्रयोगशाळेच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात नमुने लावण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. काही वर्षांपूर्वी पावसाळा सरत आलेला असताना ठाण्याजवळच्या दिव्याहून एक मावशी प्लास्टिकच्या पिशवीत एक डबी घेऊन आल्या. त्यांच्या सतरा वर्षांच्या मुलाच्या मांडीच्या हाडातून आदल्या रात्री शस्त्रक्रियेत पू आणि हाडाचा तुकडा काढला होता, आणि सोबतच्या चिठ्ठीवर ‘कल्चर’, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी, एवढा एकच शब्द होता. डबीचे झाकण सैल करताच नाकाला झोंबणारा वास आला, कारण सगळा नमुना फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला होता आणि फॉर्मॅलिनमध्ये जंतू जिवंत राहत नाहीत. मी तसे सांगितल्यावर मावशी म्हणाल्या, “दादा, यातून काहीच कळणार नसेल, तर पोराची मांडी उघडली कशाला?”

त्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा बरे उत्तर नव्हते. टायफॉईडनंतर हाडात होणारा जंतुसंसर्ग, म्हणजे ऑस्टिओमायलायटिस, ही दुर्मीळ गुंतागुंत आहे. टायफॉईडचा जंतू ज्या साल्मोनेला गटातला आहे, त्या गटाच्या एकूण संसर्गांपैकी एक टक्क्याहूनही कमी रुग्णांत तो हाडापर्यंत पोहोचतो. पण ज्या घरात तो पोहोचतो, तिथे बहुतेक वेळ आजाराचे नाव कळण्याआधीच वाया गेलेला असतो. म्हणून पुढे दिलेला क्रम एका गोष्टीभोवती बांधला आहे: रुग्ण गंभीर नसेल तर जंतूचे नाव हाती येईपर्यंत औषधाची घाई टाळायची आणि नाव हाती आल्यावर औषध अर्धवट सोडायचे नाही. औषधांच्या मात्रा मी मुद्दाम देत नाही, कारण त्या वजन, वय आणि मूत्रपिंडाची स्थिती पाहून डॉक्टरांनीच ठरवायच्या असतात.

शंका केव्हा घ्यावी

टायफॉईड, म्हणजे विषमज्वर, ज्याला आपल्याकडे मुदतीचा ताप म्हणतात, तो आतड्यातून सुरू होतो. मात्र साल्मोनेला टायफी हा जंतू आतड्याची भिंत ओलांडून रक्तात उतरतो आणि यकृत, प्लीहा, पित्ताशय व अस्थिमज्जा यांत मुक्काम करतो. अस्थिमज्जेत तो बहुतेक रुग्णांत जातोच. हाडाचा आजार मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांत होतो, आणि झाला तर ताप उतरल्यानंतर काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनीही डोके वर काढतो. टायफॉईड झाल्याचे आठवतच नाही, असेही रुग्ण असतात. ताप सौम्य होता, चार गोळ्यांत उतरला, आणि घरच्यांनी तो ‘व्हायरल’ समजून सोडून दिला, अशी ती गोष्ट असते.

टायफॉईडनंतर अशक्तपणाने सगळे अंग दुखते, आणि ते दुखणे पंधरा दिवसांत हळूहळू ओसरते. हाडाच्या संसर्गाचे दुखणे वेगळे असते. ते एका जागी असते, रुग्ण बोट ठेवून जागा दाखवू शकतो, तिथे दाबले की कळ येते, विश्रांतीने ते थांबत नाही आणि रात्री झोपमोड करते. जागा बहुधा मांडीचे हाड, नडगी, दंड किंवा कमरेचे मणके अशी असते. त्यावर सूज, ऊब, पुन्हा चढणारा ताप किंवा लंगडणे यांपैकी काही दिसले, तर ‘मार लागला असेल’ या समजुतीवर आठवडा काढू नये. लहान मूल जागा सांगू शकत नाही. ते एक पाय टेकवायचे टाळते, उचलून घेताना किंवा लंगोट बदलताना किंचाळते.

मणक्याच्या बाबतीत एक गोष्ट ताबडतोबीची आहे. पाठदुखीबरोबर पायांतली शक्ती कमी होऊ लागली, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, किंवा लघवी अडू लागली अथवा तिच्यावरचा ताबा गेला, तर वेळ न घेता मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे, कारण पू मज्जारज्जूवर दाब देत असण्याची शक्यता असते आणि तिथे काही तासांचाही फरक पडतो.

काही जणांत धोका अधिक असतो. मधुमेह, दीर्घकाळ चाललेले स्टिरॉइड, एचआयव्ही, मूत्रपिंडाचे विकार, हाडात बसवलेली धातूची पट्टी किंवा कृत्रिम सांधा ही त्यांतली नेहमीची कारणे. पण सर्वांत महत्त्वाचे कारण सिकलसेल. या आजारात वाकड्या झालेल्या लाल पेशींमुळे हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, हाडाचा तो भाग मरतो, प्लीहाही निकामी झालेली असते, आणि साल्मोनेलाला आयती जागा मिळते. अशा रुग्णांत एकाच वेळी दोन-तीन हाडे बाधित होऊ शकतात. शहापूर-मुरबाडच्या किंवा पलीकडे जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांतून ठाण्याला येणाऱ्या मुलांत हा विचार आधी यायला हवा. सिकलसेलचे नेहमीचे दुखणे आणि हाडातला पू सुरुवातीला सारखेच दिसतात, म्हणून “याला हे नेहमीच होते” या वाक्यापासून सावध राहावे. सिकलसेलची तपासणी झालीच नसेल, तर ती याच वेळी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयांत ती होते.

डॉक्टरांकडे जाण्याआधीची तयारी

एका पानावर तारखा लिहून काढाव्यात: ताप कधी सुरू झाला, कधी उतरला, कोणते औषध किती दिवस घेतले आणि मधेच कधी सोडले, दुखणे कोणत्या दिवशी आणि कुठे सुरू झाले. औषधांची नावे आठवत नसतील तर रिकामी पाकिटे किंवा औषधवाल्याचे बिल सोबत घ्यावे. सकाळ-संध्याकाळ तापमापकाने ताप मोजून नोंद करावी, आणि नोंद करताना आधी पॅरासिटामॉल घेतले होते का तेही लिहावे. हे पान डॉक्टरांसमोर ठेवले की त्यांचे निम्मे प्रश्न संपतात.

या काळात तीन गोष्टी टाळाव्यात. हाडवैद्याकडून मालीश करून घेऊ नये, कारण पू असलेल्या जागेवर जोर देणे घातक ठरू शकते. औषधाच्या दुकानातून ‘सुजेची पुडी’ आणू नये. तिच्यात अनेकदा स्टिरॉइड असते, त्याने दोन दिवस बरे वाटते, ताप झाकला जातो आणि जंतू मोकळा पसरतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी स्वतःहून सुरू करू नये.

विडालचा, म्हणजे टायफॉईडसाठीच्या रक्तचाचणीचा, जुना अहवाल असेल तर न्यावा, पण त्यावर फार भार टाकू नये. फर्नांड विडाल यांनी ही चाचणी 1896 साली मांडली, आणि आपल्याकडे ती आजही सर्रास केली जाते. टायफॉईड पूर्वी होऊन गेलेल्या किंवा वारंवार जंतूंशी संबंध येणाऱ्या भागातल्या माणसांत तिचे आकडे आजार नसतानाही वाढलेले असतात. ‘विडाल पॉझिटिव्ह’ म्हणजे हाडात टायफॉईडच आहे, असे ठरत नाही. ‘निगेटिव्ह’ आली म्हणून तो नाही, असेही नाही.

पहिल्या तपासण्या, आणि त्यांचा क्रम

दाखवायचे कुठे, तर अस्थिरोग विभाग आणि प्रयोगशाळा एकाच छताखाली असतील अशा ठिकाणी. ठाण्यात कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशी, नेरूळ व ऐरोली इथली महापालिकेची रुग्णालये, आणि तिथून पुढे पाठवले तर मुंबईत शीव किंवा परळची मोठी रुग्णालये, हा इथल्या लोकांचा ओळखीचा रस्ता आहे. खर्चाची काळजी असेल तर दाखल होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, ते विचारावे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड जवळ ठेवावे.

पहिल्या रक्ततपासणीत रक्तपेशींची मोजणी, ईएसआर आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारे दोन आकडे), साखर, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या होतात. टायफॉईडमध्ये पांढऱ्या पेशी वाढलेल्या नसणे, उलट कमी असणे, हे नेहमीचे आहे, म्हणून त्या आकड्यावरून ‘इन्फेक्शन नाही’ असा निष्कर्ष काढू नये. सीआरपी एक-दोन दिवसांत चढतो आणि उपचार लागू पडला की लवकर उतरतो. ईएसआर मात्र आळशी आहे, तो उतरायला आठवडे घेतो.

याच वेळी, अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्यापूर्वी, रक्ताचे कल्चर घ्यायला हवे. मोठ्या माणसाचे एका बाटलीत 8 ते 10 मिलिलीटर रक्त लागते, आणि शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या जागांहून दोन संच घ्यावेत. “एवढे रक्त कशाला?” असे नातेवाईक विचारतात, आणि तो प्रश्न रास्त आहे. टायफॉईडमध्ये रक्ताच्या एका मिलिलीटरमध्ये जंतू अगदी मोजके असतात. दोन मिलिलीटर घेतले तर जंतू बाटलीत न येण्याचीच शक्यता जास्त. बाटल्या यंत्रात साधारण पाच दिवस ठेवल्या जातात, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी ‘काही वाढले नाही’ असे ऐकून निश्चिंत होऊ नये. रुग्ण गंभीर असेल, तापाने ग्लानीत असेल, तर मात्र डॉक्टर रक्त घेऊन लगेच औषध सुरू करतील, आणि तेच योग्य असते.

एक्स-रे काढावाच, पण पहिल्या दहा-चौदा दिवसांत तो स्वच्छ दिसू शकतो, कारण हाडातले 30 ते 50 टक्के खनिज कमी झाल्याशिवाय फिल्मवर बदल उमटत नाही. एमआरआयमध्ये हाडातली सूज तीन ते पाच दिवसांत दिसते, म्हणून दुखणे ठाम असेल आणि एक्स-रे कोरा असेल, तर एमआरआयचा आग्रह धरण्यात गैर काही नाही. मऊ भागातला पू पाहण्यासाठी, विशेषतः मुलांत, सोनोग्राफीही उपयोगी पडते.

हाडातला नमुना: एका डबीवर सगळे अडते

एमआरआय जागा दाखवतो. जंतू कोणता, हे सांगत नाही. कमरेच्या मणक्यात बदल दिसले की आपल्या भागात पहिला विचार टीबीचा येतो, आणि तो यायलाच हवा, कारण इथे टीबी खरोखर खूप आहे. पण टायफॉईड, स्टॅफिलोकोकस आणि तबेल्यातल्या कच्च्या दुधातून येणारा ब्रुसेला हे मणक्यात जवळपास तसेच चित्र उभे करू शकतात. नमुना न घेता टीबीची औषधे सुरू झाली आणि आजार टायफॉईडचा निघाला, तर चुकीच्या उपचारात महिने जातात. त्यातच टीबीवरची रिफाम्पिसिनसारखी औषधे इतर जंतूंनाही अर्धवट दाबतात आणि मग कल्चर उगवायलाच त्रास होतो. म्हणून जिथे शक्य आहे तिथे सुईने किंवा शस्त्रक्रियेने हाडातून नमुना घेतला जातो, आणि निदानाचा सर्वांत भक्कम आधार तोच असतो.

दिव्याच्या मावशींची गोष्ट इथे लागू होते. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना किंवा ओटीच्या सिस्टरना नम्रपणे विचारावे, “नमुना किती डब्यांत जाणार आहे?” उत्तर किमान दोन असे हवे. एक निर्जंतुक कोरडी डबी किंवा थोडे निर्जंतुक सलाईन घातलेली, तिच्यातून साध्या कल्चरला आणि टीबीच्या कल्चर व सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुके शोधणाऱ्या) चाचणीला भाग जातात. दुसरी फॉर्मॅलिनची, ती हिस्टोपॅथॉलॉजीसाठी, म्हणजे हाडाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी. पू असेल तर कापसाच्या बोळ्यावर पुसून पाठवण्याऐवजी सिरिंजमध्ये ओढलेला पू पाठवावा. बोळ्यावरचा पू वाटेत सुकतो. डबी दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावी. संध्याकाळी सहाला घोडबंदर रोडवर अडकणार असाल, तर ती वेळ आधीच हिशेबात धरावी.

आणि एक विनंती, जी मी प्रत्येकाला करतो. मागणीच्या फॉर्मवर रुग्णाचा पूर्वेतिहास लिहायची जी रेघ असते, ती दहांपैकी नऊ वेळा कोरी येते. तिथे ‘दोन महिन्यांपूर्वी टायफॉईड’, ‘सिकलसेल’, ‘चार दिवस अँटिबायोटिक चालू’, ‘कच्चे दूध पिण्याची सवय’ एवढे तरी लिहिलेले असावे. शेवटचा मुद्दा आमच्या जिवासाठीही आहे, कारण ब्रुसेला प्रयोगशाळेत काम करणाऱ्यालाच लागू शकतो.

त्या मुलाचा दुसरा नमुना तीन दिवसांनी सुईने काढून आला, या वेळी सलाईनमध्ये. दुसऱ्या दिवशी मॅकॉन्की प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या बशीवर, फिकट, रंगहीन ठिपके होते. त्यातला एक टीएसआयच्या, म्हणजे रंग बदलून जंतूची ओळख देणाऱ्या माध्यमाच्या, नळीत लावला, आणि सकाळी नळीचा तळ पिवळा, उतार लाल, आणि दोघांच्या सीमेवर मिशीच्या केसाएवढी काळी रेघ. टायफीची ती ओळखीची खूण आहे. साल्मोनेलाचे इतर बरेच भाऊबंद नळी काळीभोर करतात, हा मात्र जेमतेम रेघ ओढतो. पुढच्या चाचण्यांनी नाव पक्के झाले, आणि चौथ्या दिवशी मावशींना अहवाल मिळाला.

अहवाल कसा वाचावा

नावाखाली औषधांची यादी असते आणि प्रत्येकासमोर ‘एस’, ‘आय’ किंवा ‘आर’, म्हणजे औषध चालेल, मधली स्थिती, किंवा चालणार नाही. टायफॉईडच्या बाबतीत ही यादी थोड्या सावधपणे वाचावी लागते. सिप्रोफ्लॉक्सासिन हाडात उत्तम पोहोचते, म्हणून एके काळी या आजाराला ते हमखास दिले जाई. आज भारतातल्या बहुतेक टायफी जंतूंवर ते पुरेसे चालत नाही. अहवालात त्याचा एमआयसी आकडा (जंतूची वाढ थांबवणारे औषधाचे कमीत कमी प्रमाण) दिला असेल, तर 0.06 किंवा त्याहून कमी असल्यासच ते ‘एस’ मानतात. जेंटामायसिन, अमिकासिन आणि पहिल्या पिढीतली सेफॅलोस्पोरिन्स नळीत ‘एस’ दिसली, तरी शरीरात टायफॉईडवर काम करत नाहीत. चांगली प्रयोगशाळा ती नावे छापतच नाही. सेफ्ट्रिअॅक्सोन इथल्या जंतूंवर अजून बहुतांशी चालते. पण पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात 2016 पासून त्यालाही दाद न देणारा टायफी पसरला आहे, म्हणून अलीकडच्या प्रवासाची माहिती डॉक्टरांना द्यावी.

उपचाराचे आठवडे

साधा टायफॉईड एक-दोन आठवड्यांच्या औषधाने बरा होतो. हाडातला होत नाही. तिथे किमान चार ते सहा आठवडे, आणि मणक्यात सहा ते बारा आठवडे औषध चालते, त्यातला सुरुवातीचा बराच काळ शिरेतून. जुन्या, मेलेल्या हाडाचा तुकडा आत राहिला तर औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण तिथे रक्तच जात नाही. तो शस्त्रक्रियेने काढावा लागतो. साचलेला पूही काढावाच लागतो. सुरुवातीलाच पकडलेल्या, पू नसलेल्या आजारात मात्र नुसत्या औषधानेही काम भागते.

इतके दिवस रोज सुई टोचणे कठीण असते, म्हणून दंडातून पिक लाइन, म्हणजे शिरेत बराच काळ राहणारी बारीक नळी, बसवतात आणि काही जणांना घरी राहून इंजेक्शन घेता येते. तसे ठरले तर पट्टी कोरडी ठेवावी, आंघोळीला दंड प्लास्टिकने गुंडाळावा, आणि दंड लाल झाला, सुजला किंवा इंजेक्शननंतर थंडी वाजून आली तर त्याच दिवशी दाखवावे. सेफ्ट्रिअॅक्सोन रिंगर लॅक्टेटसारख्या कॅल्शियम असलेल्या सलाईनमध्ये मिसळायचे नसते. घरी येणाऱ्या परिचारिकेला हे ठाऊक असते, तरी एकदा विचारून घ्यावे.

पुढे तोंडावाटे सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा त्याच्या गटातले औषध ठरले, तर ते दूध, दही, कॅल्शियम, लोह किंवा आम्लपित्ताच्या पातळ औषधाबरोबर घेऊ नये, कारण त्याने औषध आतड्यातच अडकते. ‘ताकद यावी’ म्हणून गोळीबरोबर पेलाभर दूध देणारी आई प्रत्येक घरात असते. दूध द्यावे, पण गोळी त्याच्या दोन तास आधी. टाचेच्या वरचा स्नायुबंध दुखू लागला तर ते औषध थांबवून डॉक्टरांना कळवावे, आणि मधुमेह असल्यास साखर अधिक वेळा मोजावी.

दर आठवड्या-दोन आठवड्यांनी सीआरपी, रक्तपेशी आणि यकृताची तपासणी होते. ताप चार-पाच दिवसांत उतरतो आणि दुखणे दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येते. लोक औषध नेमके तेव्हाच सोडतात. रात्रीचे दुखणे परतले, जखमेतून पुन्हा पाझर सुरू झाला किंवा उतरलेला सीआरपी चढला, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. एमआरआयमधले बदल मात्र रुग्ण बरा झाल्यावरही महिनोन् महिने दिसतात. चालता-फिरता माणूस केवळ त्या चित्रापायी घाबरवू नये.

मांडी किंवा नडगी पोखरलेली असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत त्या पायावर भार देऊ नये, कारण हाड मोडू शकते. मणक्याला पट्टा लागतो. शेजारचे सांधे आखडू नयेत म्हणून फिजिओथेरपी लवकर सुरू करावी.

घरातली बाजू

रुग्णाच्या शौचातून जंतू जात असतो, म्हणून साबणाने हात धुणे आणि त्याने इतरांचा स्वयंपाक न करणे, हे उपचार संपेपर्यंत पाळावे. शंभरातले दोन ते पाच जण पुढे वर्षभराहून अधिक काळ जंतू बाहेर टाकत राहतात. त्यांच्या पित्ताशयात, बहुधा खड्यांच्या आश्रयाने, तो टिकून असतो. रुग्ण पोळीभाजी केंद्र, वडापावची गाडी किंवा खानावळीत काम करत असेल, तर अँटिबायोटिक थांबल्यानंतर अंतराने घेतलेले शौचाचे तीन कल्चर स्वच्छ आल्यावरच त्याने कामावर परतावे, आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी.

घरातल्या इतरांसाठी टायफॉईडची कॉन्जुगेट लस आहे. सहा महिन्यांच्या बाळापासून ती एका डोसात देता येते. नवी मुंबई महापालिकेने 2018 साली 9 महिने ते 14 वर्षे वयाच्या मुलांना ही लस सार्वजनिक मोहिमेतून द्यायला सुरुवात केली, आणि पहिल्याच टप्प्यात एक लाखाहून अधिक मुलांना ती मिळाली. सार्वजनिक यंत्रणेने ही लस अशा मोहिमेतून देण्याचे ते जगातले पहिलेच उदाहरण होते, हे तिथल्या अनेक पालकांनाही माहीत नसते. मुलाच्या लसीकरण कार्डावर ती नोंद आहे का ते पाहावे, नसेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारावे. झालेल्या हाडाच्या आजारावर लसीचा उपयोग नाही.

औषध संपल्यावरही निदान वर्षभर तपासणी चालू ठेवावी, कारण हाडातला संसर्ग उशिरा उलटू शकतो. कल्चरच्या अहवालाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पाकिटात. दिव्याच्या मावशींनी तो रेशन कार्डाच्या घडीत ठेवला आहे. मागच्या वर्षी मुलाला साधा ताप आला तेव्हा नव्या डॉक्टरांपुढे त्यांनी काही न बोलता आधी तो कागद उलगडला, आणि डॉक्टरांनी गोळी लिहिण्याआधी रक्ताच्या कल्चरची चिठ्ठी दिली.